मधला चेंडू

सूर्यभानचा फोरहँड असा, की समोरच्यानं पुन्हा खेळायला येणार नाही म्हणून कानाला खडा लावावा. आणि बॅकहँड असा, की बघणाऱ्याला कीव यावी. डाव्या अंगाला आलेला चेंडू हाताच्या पाठीनं मारायचा म्हटलं की गड्याचे पाय जागच्या जागी थिजायचे.

याला कारण त्याचा थोरला भाऊ सिताराम. बाप परभणीच्या अधिकाऱ्यांच्या क्लबात टेनिसचं कोर्ट शेणानं सारवायचा, रूळ ओढायचा. साहेब लोक घरी गेले की हे दोघं भाऊ उरलेल्या उजेडात खेळून घ्यायचे. पुढं दोघं नोकरीला लागले, तरी जोडी तीच. सिताराम डावीकडं, सूर्यभान उजवीकडं. दोघांच्या मधोमध चेंडू आला की सिताराम ओरडायचा, "माझा!" आणि सूर्यभान निमूट बाजूला व्हायचा. बॅकहँड शिकायची वेळच आली नाही.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून वस्त्या पेटल्या, तेव्हा सिताराम मावशीला आणायला तिच्या गावी गेला. मावशी आली. सिताराम आला नाही. ना प्रेत सापडलं, ना चिठ्ठी आली. त्याला आता सात वर्षं झाली होती. बाप आधीच वारलेला, घरात मायलेक दोघंच; तरी आई सरजाबाई रोज रात्री तीन ताटं मांडायची. तिसऱ्या ताटातली भाकर सकाळी स्वतःच खायची आणि म्हणायची, "जित्ता हाय माजा सिताराम. यील, जेवंल, भाकरीच्या कडा टाकून उठंल. मग घालीन शिव्या."

पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात कचेऱ्या-कचेऱ्यांचे सामने ठरले. सूर्यभानला जोडीदार मिळाला बन्सीधर, त्याच्याच कचेरीतला ओव्हरसियर. दोन दिवसांत तो वैतागला.

"मधला चेंडू सोडून देतूस राव. कुणाची वाट बघायलास?"

बोलून गेला आणि त्याचाच चेहरा पडला. सिताराम त्यालाही ठाऊक होता.

त्या संध्याकाळपासून सूर्यभान क्लबामागच्या सरकीच्या गोदामाच्या भिंतीसमोर एकटा उभा राहू लागला. गोदाम कधीचंच बंद, पण सरकीचा तेलकट वास भिंतीला अजून चिकटलेला. जाळीच्या उंचीवर त्यानं चुन्याची रेघ ओढली. चेंडू आपटला की भिंतीवर काळ्या मातीचा गोल ठसा उठायचा. पहिल्या दिवशी सलग चार बसले, दुसऱ्या दिवशी सहा. मनगट ठणकायला लागलं, तेव्हा फडकं बांधून मारत राहिला.

तिसऱ्या दिवशी भिंतीवरून चेंडू डावीकडं आला, आणि डाव्या खांद्याशी कुणीतरी म्हणालं, "माझा!"

जुन्या सवयीनं सूर्यभान बाजूला झाला. चेंडू मागं गेला. मागं रॅकेटच्या तारांचा आवाज झाला, आणि चेंडू त्याच्या कानाजवळून पुढं जाऊन रेघेच्या वीतभर वर आदळला.

त्यानं वळून पाहिलं. मोकळं मैदान, वाळलेलं गवत. सूर्यभान पडला कारकून माणूस. त्यानं सगळं धुंडाळलं. चेंडू परतवील असा एक दगड नव्हता, खांब नव्हता.

भावाचा आवाज सात वर्षांनी कानी पडला, हरखायला हवं होतं. पण तो चेंडू उचलायला पुढं गेला नाही. जित्या माणसाला घर ठाऊक असतं. तो आईकडं येईल, या भिंतीपाशी कशाला येईल? हा आवाज खरा असेल तर घरचं तिसरं ताट खोटं होतं.

दोन-चार दिवसांत एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. पाय अडले तरच आवाज यायचा. मग त्यानं मनाशी ठरवलं, एकही चेंडू सोडायचा नाही. आवाज आलाच नाही, तर सिताराम मेला असंही म्हणता यायचं नाही. तो खुळ्यासारखा खेळू लागला. वीस. पस्तीस. साठ. बन्सीधर बघायला आला आणि म्हणाला, "वा रे पठ्ठ्या!" सूर्यभाननं मान वर केली नाही.

चौदाव्या संध्याकाळी चेंडू आला तो नेमका मधला. पाय बरोबर पडले. खांदा वळला.

डाव्या खांद्याशी कुणीतरी श्वास घेतला.

"तुझा."

आवाज दमलेला होता.

सूर्यभाननं मारला. जन्मात मारला नव्हता असा.

चेंडू परत आला. या वेळी तो मुद्दाम बाजूला झाला. वाट पाहिली.

चेंडू मागं गेला आणि गवतात थांबला.

घरी पोचला तेव्हा सरजाबाई चुलीत काटक्या रचत होती. "शेजारच्या कस्तुराबाईकडं गेल्ते, आत्ताच आले. सकाळपसून चूल न्हाई पेटली. तू मधीच जेवून गेलास व्हय रं?"

"न्हाई माय. का?"

तिनं मोरीकडं बोट केलं. सकाळी घासून ठेवलेलं तिसरं ताट तिथं होतं, खरकटं. त्यात भाकरीच्या कडा तेवढ्या राहिल्या होत्या.

सरजाबाई ताटावर वाकली. मग तिचं तोंड उजळलं. "आला! आरं, जेवून गेला माजा सिताराम! म्या म्हणलं न्हवतं, जित्ता हाय म्हून?" शिव्या घालायचं विसरून ती रडत-हसत पीठ काढायला उठली. "तुला भेटला का रं? बोलला का काही?"

सूर्यभाननं रॅकेट भिंतीला टेकवली.

"न्हाई माय."

तो ताट उचलायला वाकला. कडा बोटांना लागल्या. तव्यावरून आत्ता उतरवल्यासारख्या गरम होत्या. चुलीला काडी अजून लागायची होती.