लाल वायर

दिवा राहू दे तसाच. आणि मध्येमध्ये हूं हूं करायची गरज नाही, ऐकताय ते कळतंय मला. ही गोष्ट ऐकीव नाही, आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीची आहे. एकोणीस नोव्हेंबर, मंगळवार.

त्या संध्याकाळी बहिणीने त्याला एक काम सांगितलं होतं. "दादा, कारखान्यात ह्यांची पिशवी राहिलीय. तेवढी आणतोस?" मेहुणा जाऊन नऊ दिवस झाले होते. कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचा तो. हातातल्या तपासणीच्या मीटरने शून्य दाखवलं, म्हणून वीज नाही असं समजून हात घातला, आणि जागीच गेला. निष्काळजी माणूस, असं सगळे म्हणाले. बहीण ते मुकाट ऐकून घेत होती.

मिस्त्रीही ऐकून घेत होता. त्या मीटरच्या वायरी त्यानेच घरी करून दिल्या होत्या. त्याच्या हातच्या वायरी डोळे झाकून घ्याव्यात, अशी ख्याती. पण त्या दिवशी बारीक तारांची मऊ वायर संपलेली, म्हणून लाल वायर त्याने कडक, एकेरी तारेची केली. अशी तार वाकून वाकून आतल्या आत तुटते, वरची नळी मात्र धडधाकट दिसते. हे त्याला माहीत होतं. चार दिवसांनी बदलून देऊ म्हणत त्याने वेळ मारून नेली. "तुझ्या वायरीत काही खोट नव्हती ना, दादा?" बहिणीने नंतर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "छे गं."

आता ती मीटर-वायरींची पिशवी हातात आली आणि चोराच्या मनात चांदणं. बहिणीकडे न जाता तो आपल्या दुकानात शिरला, शटर आतून ओढलं. रात्रीचे पावणेबारा. लाल आणि काळी वायर मीटरला जोडून त्यांची टोकं एकमेकांना टेकवली. वायरी धड असल्या की मीटर वाजतं. वाजलं नाही. पकडीने त्याने लाल वायरीचे दोन तुकडे केले, खिशात टाकले, आणि तिच्या जागी ठेवायला नवी करायला बसला. ह्या वेळी मऊ तार. टोक सोललं, कथलाचा डाग दिला, नळी चढवली. स्वतःची किळस येत होती त्याला, पण हात नीट चालत होते.

टोकं टेकवली. मीटर गप्प.

दुसरी केली. गप्प. तिसरी... गप्प. नळ्या सोलून पाहिल्या. तिन्ही तारा तुटलेल्या. एकाच जागी.

टोकं टेबलावर पडली होती. एकमेकांपासून वीतभर लांब. कशालाच लागलेली नाहीत.

मीटर वाजायला लागलं.

बंद केलं. वाजतच होतं...

सेल काढला. तरी...

"दाजी?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

थांबलं.

उजाडेपर्यंत तो जागचा हलला नाही. सहा वाजता पिशवी घेऊन बहिणीच्या दारात उभा. "खोट माझ्याच वायरीत होती. दाजी निष्काळजी नव्हते गं, मी होतो." तिने त्याला आत घेतलं. "हे तुकडे बघ," म्हणत त्याने खिशात हात घातला.

तुकडे नव्हते. एकच लाल वायर होती, अख्खी. सेल घालून त्याने ती मीटरला लावली, टोक काळीला टेकवलं. वाजलं. वाकवली, पिरगाळली, ओढली. वाजतच राहिलं.

बहिणीने त्याच्या हातावर हात ठेवला. "माझं मन राखायला स्वतःवर घेऊ नकोस, दादा. चूक ह्यांचीच होती."

तेव्हापासून तो ज्याला त्याला सांगत सुटलाय. कुणी खरं मानत नाही. मागच्या महिन्यात मीच ती वायर मागून घेतली, नळी सोलून पाहिली. आत तीच कडक, एकेरी तार आहे. सांधा कुठेच नाही...