सरूबाईची कळशी

नॉर्वेहून आणलेली चॉकलेटं द्यायला मी संघपालला बोलावलं. तो आला आणि लाईट गेली. आमच्या गारखेड्यात पाणी आठव्या दिवशी येतं आणि लाईट स्वतःच्या मर्जीनं. संध्याकाळचे सात वाजले होते. मी चार्जिंगचा दिवा मधे ठेवला, चहा दिला. तो लगेच उठायला लागला तेव्हा म्हटलं, "बस. तुझ्या आईबद्दल बोलायचंय."

त्याची आई सरूबाई आमच्या मागच्या घरात राहायची. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात माझ्या मागच्या अंगणातल्या नळापाशी पडली आणि गेली. हार्ट अटॅक, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

"सांगा की काकू," तो म्हणाला. मी त्याला नॉर्वेतली ती सहल सांगितली.

माझी मुलगी विशाखा आणि जावई अभय तिकडं नोकरीला आहेत. एका रविवारी त्यांनी मला समुद्रकाठच्या लहानशा गावी नेलं. गावाचं नाव मला अजून म्हणता येत नाही. पांढरी लाकडी घरं, खिडक्यांत फुलं, आणि माणसं इतकी निवांत की मला त्यांचा हेवाच वाटला. आम्ही धक्क्यावर पाय सोडून बसलो. कागदी पिशवीतली उकडलेली कोळंबी सोलून पावाबरोबर खाल्ली. माझा जन्म पिंपं भरण्यात गेला. एवढं पाणी बघून मला आधी राग आला, मग झोप.

पोरं कपड्यांच्या चिमट्यांना शिंपल्याचं मांस लावून खेकडे पकडत होती. धक्क्यावर कमरेएवढा एक खांब होता. बोटींसाठी त्यालाच नळ आणि त्यालाच विजेचं सॉकेट. पोरांनी आपल्या बादल्या नळापाशी ओळीनं मांडल्या होत्या, अगदी आपल्या गल्लीत मांडतात तशा. मला हसू आलं. आणि मग जळक्या वायरचा वास आला.

समुद्राच्या त्या वाऱ्यात असला वास टिकायलाच नको होता. मी वळून पाहिलं. लाल बादली, पिवळी बादली, निळी... आणि सगळ्यात शेवटी एक स्टीलची कळशी. गळ्यापाशी पोचा. पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. सौ. सरूबाई सांडू.

संघपालनं कप खाली ठेवला.

मग मला मागचं सांगावं लागलं. मी नळाला मोटार लावायची. गल्लीत बरेच जण लावतात. पण माझी मोटार सुरू झाली की सरूबाईचा नळ कोरडा पडायचा, म्हणून ती कळशी घेऊन माझ्या अंगणात उभी राहायची. मोटारीची वायर सोललेली होती. वायरमननं दोनदा बजावलं होतं. मी म्हटलं, उन्हाळा संपू दे, मग बघू. त्या दिवशी ती म्हणाली, "बाई, येक कळशी भरू द्या, पोराचा डबा करायचाय." मी म्हणाले, "आधी माझी टाकी. तुझा नंबर नंतर." मी आत वळले आणि तिनं नळाला हात लावला.

ती ओरडलीसुद्धा नाही. मी स्विच बंद केला, मोटार काढून माळ्यावर टाकली, आणि त्यानंतर लोकांना हाका मारल्या. तिच्या उजव्या तळव्यावर काळा डाग उमटला होता. लोक यायच्या आत मी तिची मूठ मिटवली.

"मग... तिथं काय झालं?" संघपालनं विचारलं. आवाज अगदी खाली.

तिथं विशाखा हात धुवायला उठली. तिला कळशी दिसतच नव्हती, ती कळशीला खेटून उभी राहिली. 'नळाला हात लावू नकोस,' एवढंच मला ओरडायचं होतं. पण ओरडले असते तर कारण सांगावं लागलं असतं, तेही जावयासमोर. मी गप्प बसले. पोटच्या पोरीसाठीसुद्धा माझं तोंड उघडलं नाही.

शॉक बसला नाही. "आई, पाणी बघ किती गार!" ती हसली आणि तिची मूठ मिटली. मी पुन्हा पाहिलं तर कळशी नव्हती. फळ्यांवर नुसतं ओलं वर्तुळ होतं.

मूठ उघडेना. आधी अभयला ती चेष्टा वाटली. संध्याकाळपर्यंत नखं तळव्यात रुतली. डॉक्टरांनी नसा तपासल्या, इंजेक्शनं दिली, सगळं ठीक आहे म्हणाले. पंधरा दिवस झाले. आता आतली जखम चिघळलीय, आणि हात ठेवायचा की नाही ते परवा ठरणार आहे. झोपेत ती पुटपुटते, "बाई... माझा नंबर?" ती मला कधी बाई म्हणत नाही.

"तुझ्या पाया पडते, संघपाल. मला माफ केलं म्हण. माझ्या पोरीचा हात वाचव."

त्यानं दिवा आपल्याकडं ओढला.

"मला ठाव हाय, काकू. आईला शेवटचं पाणी पाजताना ती मूठ मीच उघडली व्हती."

"मग... बोलला का नाहीस?"

"बोलणारच व्हतो. पन त्याच राती आई दारात आली. म्हनली, तू गप ऱ्हा. तिचा नंबर यिऊ दे."

तेवढ्यात फोन वाजला. विशाखा रडत होती, हसत होती. "आई, उघडली! आत्ता, आपोआप! तळवा एकदम साफ आहे गं, जखमसुद्धा नाही!" मी ढसाढसा रडले. फोन ठेवून संघपालला हात जोडले.

"माफी देणारा मी कोन?" तो म्हणाला.

मागच्या अंगणात रिकाम्या भांड्यात पाणी पडायला लागलं. पाण्याचा दिवस उद्या आहे. आणि माळ्यावर मोटार घुमू लागली. तिची वायर मी स्वतः कापून फेकली होती.

संघपालनं चॉकलेटं तिथंच ठेवली, उठून मागचं दार सताड उघडलं आणि बाजूला झाला. "जावा काकू. नंबर आलाय."

तो दिवा घेऊन निघून गेला. मी अजून खुर्चीतच बसलेय. कळशी काही भरत नाही. मोटार चालू आहे, आणि लाईट अजून आलेली नाही.