गडबपाशी थांबलेला काटा

मी मीटर दुरुस्त करतो. गाड्यांची, विजेची नव्हेत. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक बिलं घेऊन भांडायला येतात. पेणला हायवेला लागून माझं दुकान आहे. शेजारी गणपतीचा कारखाना, त्यामुळे माझ्या चहाला बारा महिने रंगाचा वास येतो. त्या दिवशी भर दुपारी लाईट गेली होती, अंगाची लाही लाही होत होती, आणि अशात एक लाल, दोन माणसांची जुनी विलायती गाडी दारात येऊन हॉर्न वाजवत राहिली. उतरून चार पावलं यायचे कष्टही नकोत. माझं डोकं तिथेच फिरलं.

गाडी रोह्याच्या दिनानाथशेठची होती. त्यांच्या भातगिरण्या आहेत, आणि ही गाडी म्हणजे त्यांची हौस. शर्यतीची गाडी आहे, हात पुसून लाव, असं त्यांनी मला बजावलं. तक्रार काय, तर गाडी उभी असतानाही स्पीडचा काटा फिरतो. मी म्हणालो, उभ्या गाडीत काटा फिरत नाही शेठ, माणसाचं डोकं फिरतं. ते हसले नाहीत. चेहरा उतरलेला होता, जागरण झाल्यासारखा. रोह्यातल्या मेकॅनिकने दोनदा खोलून बघितलं, काही सापडलं नाही, म्हणून इथवर आलो, असं म्हणून ते चामड्याच्या बुटांतले पाय पसरून स्टुलावर बसले.

मी डॅशबोर्डमधून मीटर काढलं. मागची केबल सोडवली. ही केबल गिअरबॉक्समधून येते. चाक फिरलं की ती फिरते आणि ती फिरली की काटा चढतो. ती काढली की मीटर म्हणजे नुसता डबा. तो डबा मी टेबलावर ठेवला आणि काच उघडली.

काटा हलला.

शेठ स्टुलावर आक्रसून बसले. मी टेबल घट्ट धरून पाहिलं, टेबल हलत नव्हतं. काटा सावकाश चढला, थोडा उतरला, पुन्हा चढला. मला ती चाल ओळखीची वाटली. दुरुस्त केलेलं प्रत्येक मीटर तपासायला मी नागोठण्यापर्यंत गाडी नेतो आणि परत आणतो. रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघतो. कुठल्या वळणावर काटा किती पडतो, कुठल्या खड्ड्याला दचकतो, हे माझ्या अंगात भिनलंय. हे नागोठण्याचं वळण होतं. हा पूल. आणि आता हा सरळ रस्ता. काटा चढत चढत पार टोकाकडे गेला.

मग गडब आलं, आणि काटा धाडकन शून्यावर पडला.

गडबला माझं घर आहे. माझा बापूस कान्हू मिठागरावर कामाला होता. मागच्या शिमग्यात पहाटे कामावर जाताना त्याला तिथेच गाडीने उडवलं. कोणाची गाडी, ते कळलंच नाही. मांडीवर चाकाचे दोन वळ होते. हवालदार म्हणाला, दोन गाड्या गेल्या असतील, अंधार होता. आईला सगळ्यांनी सांगितलं, जागच्या जागी गेला गो, काही कळलंसुद्धा नसेल त्याला. त्या एका वाक्यावर ती दिवस काढत होती.

काटा शून्यावर बराच वेळ थांबला. दुकानात खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलाचा वास भरला, खारट, कुजका. मग काटा शून्याच्याही खाली, त्याला अडवणाऱ्या खिळ्याला दाबून थरथरायला लागला. गाडी मागे घेतली की काटा असा करतो, दुसऱ्या कशाने नाही. पुन्हा शून्य. आणि मग एकदम सुसाट.

दोन गाड्या नव्हत्या. एकच होती.

"शेठ," मी विचारलं, "गडबला थांबलावता?"

ते काट्याकडेच बघत होते. "तो बोलत होता... पाणी मागत होता."

"मग?"

"पाणी होतं गाडीत... पण त्याने मला बघितलं होतं ना."

"माझा बापूस व्हता तो," मी म्हणालो.

पाना माझ्या हातात होता. आजवर हजार वेळा मनातल्या मनात त्या अनोळखी ड्रायव्हरचं डोकं मी फोडलं होतं, आणि आता तो समोर बसला होता तर माझा हातच वर जाईना. तेवढ्यात शेठ उठले, धडपडत गाडीत बसले आणि मीटर टेबलावरच टाकून रोह्याच्या दिशेने निघून गेले. मी पोलिसांत गेलो. काट्याची साक्ष ऐकून साहेबांनी मला ऊन लागलंय असं ठरवलं. त्यांच्या नावाने बोटं मोडत मी घरी आलो.

आई, ठमाबाई, ओटीवर बसली होती. चेहरा असा शांत की मला धडकी भरली.

"लाल गाडी आलती," ती म्हणाली. "त्याच जागेवर थांबली. आतला मानूस पानी मागत व्हता. मी कळशी नेली. सगली प्यायला रे..."

"मग?"

"मंग म्हनला, ठमे, आता बरं वाटतंय." आई माझ्याकडे बघेना. "शिवा, मला ठमे कोन म्हनायचा?"

बापूस. दुसरं कोणी नाही.

गाडी रोह्याला पोचली नाही. मिठागराच्या बांधावर चाकांच्या खुणा होत्या, त्या एका कोंड्यापाशी, मीठ पिकवायच्या वाफ्यापाशी, थांबल्या. त्यापुढचं मीठ कोणी बोटही न लावल्यासारखं पांढरंशुभ्र होतं. आता मात्र पोलीस कामाला लागले. शेठ हरवले ना! कान्हूसाठी एक शिपाई मिळत नव्हता, शेठसाठी जीपच्या जीप आल्या. कोणी सापडलं नाही.

त्यानंतर रोज दिवेलागणीला आमच्या पायरीवर कोणीतरी पाय धुतं. आई म्हणायची, कडी काढ, तुजा बापूस हाय. मी म्हणायचो, आये, तो एकटा नाय. ज्याने बापसावरून चाक मागे घेतलं, त्याच्यासाठी मी दार उघडू? आई रडायची. बाहेर पाण्याचा आवाज थांबायचा आणि कोणीतरी दाराला टेकून उभं राहायचं. बापसाला बाहेर उभं ठेवतोय याने माझं काळीज तुटायचं, पण कडीवरचा हात मी काढला नाही.

काल दुकानातून निघायला उशीर झाला. घरी आलो तर दार उघडं होतं. पायरीवर चामड्याचे बूट काढून ठेवलेले, मिठाने पांढरे पडलेले. आत चुलीपाशी आई हातात भाताचं भांडं घेऊन बसली होती. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"आवाज करू नको," ती हळूच म्हणाली. "दोगंबी जेवतायत."