तळ्याकाठची शांत बाई

लाईट कधी येतील सांगता येत नाही. बसा ना, तुमच्या पँटची तेवढी तुरपाईच राहिलीय, ती दिव्याच्या उजेडातही होईल. तळ्याकाठच्या पायवाटेचं म्हणालात म्हणून विचारते, तुम्हालाही डॉक्टरांनी तेच सांगितलं का? हळू चाला, कुठे पोचायची घाई करू नका, मन शांत होईल? खोटं नाही ते. माझं झालं. कसं झालं ते ऐका आणि मग ठरवा.

हे दुकान ताईचं आणि माझं. पुढे दुकान, मागे राहायची खोली, आणि ही दोन मशिनं. कापायची ती, शिवायचो दोघी. दोघींनीही लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर ताई म्हणायची, "मापाचं कुणी आलंच नाही."

दिवसभर आमची भांडणं चालायची. ती म्हणायची, "टीप वाकडी गेलीय." मी म्हणायचे, "तुझे डोळे वाकडे गेलेत." मला धागा दाताने तोडायची सवय होती. "उंदीर आहेस का? कात्री काय शोभेला ठेवलीय?" असं ती ओरडायची, आणि मी मुद्दाम तिच्या देखत आणखी एक धागा दाताने तोडायचे. लहानपणी मी सतत तिच्या मागे मागे फिरायचे म्हणून तिने माझं नाव शेपटी ठेवलं होतं. केस पांढरे झाले तरी हाक तीच, "ए शेपटे!"

ती झोपेतच गेली. त्रास काही झाला नाही तिला. पण तिचा आवाज काही गेला नाही. मशीनवर बसले की कानाशी, "टीप बघ." दार लावलं की, "कडी नीट घाल." आणि मी आपली मोठमोठ्याने उत्तरं देत बसायचे. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायची. डोळ्याला डोळा लागेनासा झाला. शेवटी समोरच्या नर्सबाईंनी मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं, आणि डॉक्टरांनी गोळ्यांऐवजी ती पायवाट लिहून दिली म्हणा ना.

ताई असताना आम्ही कधी फिरायला गेलो नव्हतो. "काम नसताना चालायला मी काय वाट चुकलेली गाय आहे?" असं म्हणायची ती. त्यामुळे पहिल्या दिवशी निघाले तशी कानाशी तिची भुणभुण सुरूच झाली. "दुकान टाकून कुठे निघालीस? स्वेटरची बटणं लाव. पाय उचल गं, शेपटे."

मी पाय उचलला नाही. हळूच चालले. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडी, पायाखाली कुजलेल्या पानांचा मऊ थर. पुढे एक आडवं पडलेलं झाड आहे, शेवाळाने हिरवंगार झालेलं. तिथे वाट वळते. मी त्या वळणावर आले, आणि बोलता बोलता ताई मध्येच थांबली.

लव्हाळ्यातून वारा जात होता. कुठेतरी एक पक्षी पाण्यातून उठला. बाकी काही नाही. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तेव्हाच मागे वळून बघायला हवं होतं. मी बघितलं नाही. पुढे चालत राहिले.

मग रोजच जाऊ लागले. येताना तिचा आवाज असायचा, पण लांबून, मागे राहिलेल्या माणसासारखा. पुढे तोही येईना. झोप लागू लागली. काम करताना कुणी चिडलं तरी मला राग येईना. नर्सबाई म्हणाल्या, "तुमचा चेहरा किती शांत झालाय हो!" मलाही बरं वाटलं. धागा मी कात्रीने तोडायला कधी लागले, ते माझं मलाच कळलं नाही.

मग एका संध्याकाळी नर्सबाई हसत हसत दुकानात आल्या. "तुमचं बघून मीही आज तळ्यावर जाऊन आले. त्या वाटेवर कुणी वेडसर बाई असते का हो?"

"का?"

"दिसली नाही कुठे. पण त्या पडलेल्या झाडापाशी कुणीतरी म्हणालं, अहो बाई, स्वेटरचं खालचं बटण सुटायला आलंय, टाका घाला. घरी येऊन बघते तर खरंच लोंबत होतं!"

मी कात्री खाली ठेवली आणि तशीच निघाले. दुकान उघडंच राहिलं.

तळ्यावर धुकं उतरत होतं. पाणी कुठे संपतं आणि काठ कुठे लागतो तेही दिसत नव्हतं. वळणाच्या अलीकडेच वास आला. ओल्या पानांचा नव्हे... मशीनच्या तेलाचा. ताईच्या हातांना यायचा तो.

"ताई?" मी म्हटलं.

झाडामागे कुणीतरी श्वास घेतला.

"अहो बाई..." आवाज तिचाच होता, पण किती दमलेला! "इकडून माझी धाकटी बहीण गेली का हो? हळू चालते ती. मी इथे जरा थांबले, आणि ती पुढे गेली ती गेलीच."

मला जन्मात तिने कधी "अहो" म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, "ताई, मीच गं. मीच ती."

"छे हो. तुम्ही किती शांत बोलता. ती अशी नाही. एका शब्दाला दोन शब्द ऐकवते."

"तू मला शेपटे म्हणतेस. आठव ना..."

आवाज आला तो मागे सरकत, घाबरलेला. "ते मी तिला एकटीला म्हणते. तुम्हाला कसं माहीत? काय... काय केलंत तुम्ही तिचं?"

मी पुढे झाले तशी लव्हाळी सळसळली, पळणाऱ्या माणसाच्या अंगाला घासावी तशी. माझी ताई मला भिऊन पळत होती.

ती रात्र मी मशीनपाशी बसून काढली. तिला माझी ओळख पटवायची तर भांडायला हवं होतं. मी प्रयत्न केला, अगदी मोठ्याने. "तुझे डोळे वाकडे." पण ते वाचून दाखवल्यासारखं आलं. पोटात कुठे रागच नव्हता. त्या वाटेवर एकेक पाऊल टाकताना मी तो सांडून आले होते, आणि मन हलकं झालं म्हणून खूश होत होते.

दुसऱ्या दिवशी उजेड असतानाच गेले. काही झालं तरी तिच्याशी भांडायचं, जमेल तसं भांडायचं, असं ठरवून गेले. वळणाच्या अलीकडेच बोलणं ऐकू आलं. आज दोघी होत्या.

"कुठे होतीस इतके दिवस? शोधून शोधून माझे पाय गेले!"

"मग बसायचं एका जागी. तुला कुणी सांगितलं होतं फिरायला?"

"उलट बोलू नकोस. स्वेटरची बटणं लाव."

"तूच लाव. मला नाही थंडी वाजत."

ताई हसली. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं. आणि तिला उत्तरं देणारा तो दुसरा आवाज, तो चिडका, लाडावलेला आवाज... तो माझा होता.

"ताई!" मी ओरडले. म्हणजे ओरडायला गेले, पण हाक शांतच निघाली.

त्यावर माझाच आवाज हळूच म्हणाला, "चल गं ताई. ती शांत बाई आलीय मागे."

"पाय उचल, शेपटे."

पावलांचा आवाज वळणापलीकडे गेला. मी झपाझपा चालले, धावलेही. पण त्या वाटेवर मला आता घाई करताच येत नाही.

ही घ्या तुमची पँट. नाही, रडत नाही मी. रडूही येत नाही आता. झोप छान लागते. ताई एकटी नाही, तिला तिची शेपटी मिळाली, यात मला आनंदच वाटायला हवा.

तुम्ही ते झाकलेलं मशीन बघताय का? ताईचं ते. ती गेल्यापासून मी त्याच्यावर बसलेले नाही. पण सकाळी दुकान झाडताना त्याच्याखाली धाग्यांचे तुकडे सापडतात. हा आजचा, जपून ठेवलाय. दिव्यापाशी धरून बघा. कात्रीने तोडलेला नाही हो, टोक बघा ना.

हात लावून बघा... अजून ओलं आहे.