खालच्या कोपऱ्यातला ठिपका

पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक ठिपका लुकलुकत होता. मोहरीपेक्षा थोडा मोठा. प्रोग्राम सुरू केला की तो यायचा, शेजारी आणखी चार-पाच जमवायचा आणि मग सगळंच ठप्प.

"आले वाटतं पाहुणे," तो म्हणाला.

"तुमचा चेहरा बघून येतात," मी म्हटलं.

तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. आमची ओळख भंगारवाल्याकडची. एकाच जुन्या कीबोर्डवर दोघांचे हात पडले. "तुम्ही घ्या, मला फक्त त्याची वायर हवीय," तो म्हणाला, आणि मी, भौतिकशास्त्र शिकवणारी शहाणी बाई, बिनवायरीचा कीबोर्ड घेऊन घरी आले. पुढच्या रविवारी वायरीमागोमाग त्याच्या घरी.

तिथे त्याने चाळीस वर्षं जुन्या चिपभोवती स्वतः जोडलेला कॉम्प्युटर होता. त्याचा जीव एवढासा. म्हणून चेंडू उडवायचा साधा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर त्याला समजेल असा तयार करायचा आणि केबलने त्याच्यात ओतायचा. पडदा म्हणून त्याच्या आईंचा टीव्ही.

"अगं, अकरा रविवार झाले," आई दारातून म्हणाल्या. "माझ्या मालिकेतली सून बाळंत झाली, पोर शाळेत जायला लागलं. आज टीव्ही माझ्या खोलीत जाणार. झालं तर झालं."

मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. कारण चूक मला तीन रविवारांपूर्वीच सापडली होती. लॅपटॉपला मी दुसऱ्याच मशीनच्या मेमरीचा नकाशा, म्हणजे काय कुठे ठेवायचं ते, दिला होता. त्यानुसार प्रोग्राम आपली तात्पुरती टिपणं मेमरीच्या शेवटी ठेवायचा, आणि या मशीनमध्ये नेमकं तिथे पडद्यावरचं चित्र राहतं. ठिपके म्हणजे ती टिपणं. चित्र बदललं की ती पुसली जायची आणि प्रोग्राम वाट चुकायचा. एक आकडा बदलला की काम फत्ते. पण मग रविवार संपले...

म्हणून मी "एका वेळी एकच बदल" हा प्रयोगशाळेतला नियम सांगून भलतेच आकडे बदलत बसले होते. तो प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहायचा. आज सांगायचंच, असं ठरवून मी घरून निघायचे. त्याच्या जिन्यात ठराव बारगळायचा.

आज मात्र मी तो आकडा बदलला. कोपरा स्वच्छ. पडद्यावर एक चेंडू उड्या मारू लागला— थांबेचना.

"सुटलं," तो म्हणाला. चेहरा मात्र नापास झाल्यासारखा.

"आनंद नाही झाला?"

"झाला की..." त्याने वही उघडली. "काय बदललंत? लिहितो."

"लिहा. तारीख तीन रविवार आधीची घाला."

पेन थांबलं. "म्हणजे तुम्हाला—"

"हो."

"आणि मी आईला सांगत होतो, बाई हुशार आहेत, पण जरा सावकाश."

"तरी बोलवत होतात?"

"मला कुठे घाई होती..."

आईंनी टीव्हीची वायर उपटली. चेंडू हवेतच गडप झाला. "मग आता पुढच्या रविवारी काय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी वहीकडे.

"एका वेळी एकच बदल," मी म्हटलं. "आजच्या तारखेला लिहा. मला तुमच्याशी लग्न करायचंय."