सामाईक मिनिटं

लिफ्टमध्ये माणूस अडकला की आधी दार बडवतो, मग सगळी बटणं एकदम दाबतो आणि अगदी शेवटी त्याला घंटेचं चित्र असलेलं पिवळं बटण दिसतं. ते दाबलं की माझा फोन वाजतो. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी फोनवर बसते. "घाबरू नका, दाराला टेकू नका, आमचा माणूस निघालाय," एवढंच माझं काम. बोलून बोलून ही वाक्यं इतकी गुळगुळीत झालीत की घरी आत्या नुसती खोकली तरी माझ्या तोंडून "घाबरू नका" बाहेर पडतं.

लोकांना वाटतं, लिफ्टमधला फोन वायरीनं कुठेतरी जोडलेला असतो. तसं काही नसतं. बटणांच्या मागे एक डबी असते आणि तिच्यात साधं मोबाइलचं सिमकार्ड. आमच्या सगळ्या लिफ्टांची सिमं एकाच प्लॅनवर आहेत. महिन्याला मिळणारी मिनिटं सगळ्यांत मिळून, सामाईक. माणसं काही रोज अडकत नाहीत, त्यामुळे महिनाअखेरीला पुष्कळ मिनिटं तशीच उरायची आणि वाया जायची. आमच्या साहेबांना त्याचंसुद्धा वाईट वाटायचं.

त्या महिन्यात मात्र बिलाची तारीख आठवडाभर लांब असतानाच मेसेज आला, की मिनिटं संपत आली आहेत. मी साहेबांना फोन लावला. ते परगावी होते. जादा मिनिटं घ्यायची तर ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर जाणार, म्हणजे त्यांच्या हातापाया पडणं आलं. ते म्हणाले, आठवडाच तर राहिलाय, ढकल कसातरी. मी म्हटलं, साहेब, मिनिटं संपली की बटण दाबून नुसतं टुकटुक वाजेल आणि आतल्याला वाटत राहील की कोणीतरी येतंय. त्यावर ते म्हणाले, हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो.

प्रत्येकाच्या असेल, माझ्या आत्याच्या नसतो. तिला घेऊन दिलेला मोबाइल कपाटात कपड्यांच्या घडीखाली झोपलाय. आईवडील लवकर गेले, मला आत्यानंच वाढवलं. लग्न तिनंही केलं नाही आणि मीही नाही, त्यामुळे सहाव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच एकमेकींच्या डोक्याला ताप देत राहतो. तिचे गुडघे गेलेत. रोज दुपारी ती लिफ्टनं खाली जाते, बाकावर घटकाभर बसते आणि लिफ्टनंच वर येते. ती लिफ्ट आमच्याच कंपनीकडे आहे. बाकीच्यांची काळजी नव्हती असं नाही, पण खरं सांगते, मिनिटं संपणार म्हटल्यावर मला त्या पिवळ्या बटणाशी उभी असलेली आत्याच दिसायला लागली.

आत्या जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिथली एक सवय तिच्या हाडांत मुरलीय. समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही. चुकून लागलेला नंबरसुद्धा तिच्या तावडीतून लवकर सुटत नाही. पलीकडचा गप्प झाला तरी ही रिसीव्हर कानाला लावून बसते. म्हणते, माणूस विचार करत असेल.

मिनिटं कोण खातंय ते शोधायला मी मोबाइल कंपनीला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक मुलगी आली. ती म्हणाली, मॅडम, तुमच्या एकाच सिमवरून बहुतेक सगळी मिनिटं गेली आहेत, रोज दुपारी. तिनं सिमचा नंबर सांगितला. ती ऑफिसांची एक इमारत होती, कधीच रिकामी झालेली. वीज तोडलेली, फाटकाला कुलूप. तिथली लिफ्ट आम्ही स्वतः बंद करून आलो होतो.

"आणि हे फोन लागतात कुठे?" मी विचारलं.

"सगळे एकाच नंबरला, मॅडम. लँडलाइन आहे." ती आकडे सांगत गेली. मी निम्मे लिहिले आणि पेन खाली ठेवलं. पुढचे मला पाठ होते. तो आमच्या घरचा नंबर होता.

सिम लगेच बंद करा, असं मी सांगितलं. ती म्हणाली, आता ते चालू महिन्याचं बिल निघाल्यावरच होईल. म्हणजे पुन्हा तोच आठवडा.

मग मी पान्याला पाठवलं. पान्या आमचा मेकॅनिक. खरं नाव त्याच्या आईलाच आठवत असेल. घाबरट गिऱ्हाइकांना समजावण्यात त्याचा हातखंडा आहे. दार आपोआप परत कसं उघडतं, असं कोणी विचारलं की सांगतो, दोन्ही बाजूंनी न दिसणारे किरण असतात, ते अडले की दार मागे फिरतं. वर सांगतो, त्याला माणूसबिणूस कळत नाही, मधे काहीतरी आलं एवढंच कळतं.

तो त्या इमारतीतून परत आला तेव्हा त्याच्या पँटला गुडघ्यापर्यंत धूळ होती. मी विचारलं, काढलंस सिम? तो सरळ सामानाच्या कपाटाकडे गेला. जुन्या सुट्या भागांचा खण उपसून त्यानं एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्यापुढे ठेवली. पिशवीवर त्या इमारतीचं नाव त्याच्याच अक्षरात होतं. आत डबी होती, डबीत सिम. लिफ्ट बंद करताना तोच ती काढून घेऊन आला होता आणि विसरला होता. तिकडे भिंतीत नुसत्या वायरी लोंबत होत्या.

"तिथं कोणी अडकलं होतं का रे कधी? काही झालं होतं का?"

"काहीसुद्धा नाही," तो म्हणाला. "सगळ्यात शहाणी लिफ्ट होती ती. एक तक्रार नाही." मग त्यानं कात्री मागितली आणि सिमचे दोन तुकडे केले. दोघांनाही हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाहिलं तर मिनिटं आणखी कमी झाली होती.

घरी गेले. चप्पल काढायच्या आधीच आत्याला विचारलं, दुपारी कोणाचा फोन येतो का? विचारताना माझा आवाज चढला असावा, कारण तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. येतो की, म्हणाली. कोणी गृहस्थ आहेत. फार सभ्य, बोलतात अगदी कमी. पहिल्या दिवशी चुकून लागला असावा, पण त्यांनी ठेवला नाही, मग मी तरी कसा ठेवणार? कुठेतरी बसून आहेत बिचारे. बटण दाबलं, पण कोणी आलंच नाही म्हणतात.

मी तिला विचारलं, तू काय सांगितलंस त्यांना?

"काय सांगणार? आपलं, इकडचं तिकडचं. कितव्या मजल्यावर राहता विचारलं, मी म्हटलं सहाव्या. या की एकदा, म्हटलं. तर म्हणाले, मला असं येता येत नाही, न्यायला या."

मी टेलिफोनची वायर भिंतीतून उपटून काढली. आत्या भडकली. जन्मात मी कोणाची लाइन तोडली नाही आणि तू माझ्या घरात माझी तोडतेस, म्हणाली. मी दमले होते. रोज परक्या माणसांना धीर देऊन देऊन घरच्या माणसासाठी माझ्याकडे काही उरलेलंच नसतं. मी तिला काही समजावलं नाही. वायर गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि झोपले. सकाळी निघताना एवढंच म्हटलं, की मिनिटं परत येईपर्यंत लिफ्टनं खाली जाऊ नकोस. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

दुपारच्या सुमारास मिनिटं संपली.

मी आणि पान्या एकेका इमारतीच्या वॉचमनला फोन करायला बसलो, की कोणी अडकलं तर तुमच्या मोबाइलवरून आम्हाला कळवा. कोणी ऐकून घेतलं, कोणी बरं म्हणून टाळलं. आमच्या इमारतीच्या वॉचमनचा फोन बंद होता. मग मी सवयीनं घरचा नंबर फिरवला आणि फिरवताना आठवलं, वायर माझ्या पर्समध्ये आहे. नुसती रिंग वाजत राहील.

रिंग वाजली नाही. लाइन बिझी होती.

मी ठेवून परत लावला. बिझी. पर्स उघडून पाहिली. वायर होती तशीच गुंडाळलेली होती.

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. त्याच्या काचेवर कोणत्या लिफ्टचा फोन ते दिसतं. त्या रिकाम्या इमारतीचा नंबर होता. पान्या माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. सिमचे तुकडे त्यानं खिशातच ठेवले होते.

मी फोन उचलला.

"मी बोलतेय गं," आत्या म्हणाली. "आपल्या लिफ्टमध्ये आहे. मधेच थांबलीय. तू धावतपळत येऊ नकोस. मी एकटी नाहीये."

माझ्या तोंडून "घाबरू नका" सुद्धा निघेना. मी तिला म्हटलं, आत्या, फोन ठेवू नकोस. ती म्हणाली, मी कशी ठेवेन?

पान्यानं गाडी काढली. वाटेत माझा जीव नुसता खालीवर होत होता. आमच्या इमारतीत लिफ्ट पाचव्या आणि सहाव्याच्या मधे अडकलेली होती. वॉचमन हात चोळत उभा. पान्या जिन्यानं वर मशीनरूममध्ये धावला आणि मी सहाव्या मजल्यावर बंद दारासमोर उभी राहिले. आतून आत्याचा आवाज येत होता. हळू, निवांत. मधेमधे थांबत होती. समोरचा बोलत असला की आपण थांबतो तशी.

वर काहीतरी खटकलं. लिफ्ट हळूच वर सरकली. दार उघडलं.

आत्या एका कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. बाकी लिफ्ट रिकामी होती.

मी हात पुढे केला. ती माझा हात धरून बाहेर आली, वळली आणि तिनं दुसरा हात दाराला लावून धरला. मागून येणाऱ्यासाठी धरतो तसा. मग सोडला.

दार मिटायला लागलं. मी आत्याजवळ होते, भिंतीशी. पान्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होता. दाराच्या जवळपास कोणी नव्हतं.

अर्ध्यावर येऊन दार थबकलं आणि परत पूर्ण उघडलं.

मी पान्याकडे पाहिलं. तो खाली आपल्या बुटांकडे बघत होता.

"झालं," आत्या म्हणाली. "चला आता."

त्यानंतर बिलाची तारीख आली, नवी मिनिटं मिळाली आणि ती जशीच्या तशी उरायला लागली. साहेब खूश झाले. मला म्हणाले, बघ, उगाच डोकं पिकवत होतीस. पान्या आमच्या इमारतीची लिफ्ट तपासायला हल्ली दुसऱ्याला पाठवतो. मी टेलिफोनची वायर परत भिंतीत लावून दिली. मला आत्याची माफी मागायची होती, ती मी तेवढ्यावर भागवली.

आत्या मजेत आहे. गुडघ्यांची तक्रार नाही, दुपारी खाली जायचा हट्ट नाही. मी कामावरून आले की दाराबाहेर चावी शोधताना मला तिचा बोलण्याचा आवाज येतो. हळू, निवांत, मधेमधे थांबत. आत गेले की ती गप्प होते आणि माझ्याकडे बघून हसते. रिसीव्हर जागच्या जागी असतो, त्यावर धूळ साचलीय.

परवा न राहवून मी विचारलं. म्हटलं, आत्या, त्या गृहस्थांचा फोन येत नाही का गं आता?

तिनं चष्मा पुसला, माझ्यामागच्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि मला वेड्यात काढत म्हणाली, "अगं, घरातल्या घरात कोण फोन करतं?"