शेवटची जुळणारी डिस्क

"सोडा हो, माझी आहे ती!"

"मी आधी धरलीय."

विल्सन रस्त्यावरच्या डॉन सेल्सोच्या दुकानात एका जुन्या हार्ड डिस्कचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं एका उंच, ओल्या केसांच्या माणसाच्या. बाहेर लिमाची भुरभुर... पाऊस म्हणवत नाही, पण स्वेटर ओला होतोच.

अकरा दिवस मी ही डिस्क शोधत होते. आमच्या वस्तीच्या रेडिओचा सर्व्हर पंधरा वर्षांचा. चार डिस्कांपैकी एक गेली होती. आणखी एक गेली असती, तर सगळंच गेलं असतं, म्हणून जोडीला डिस्क मिळेपर्यंत त्यातलं काही उतरवून घ्यायचं धाडस होत नव्हतं. नवी डिस्क त्याला चालेना. एकीचा जोड जुळेना, दुसरी बसली तर तिला ओळख देईना. म्हाताऱ्याला स्थळच पसंत पडत नव्हतं!

आणि त्याच्या पोटात होता डोन्या ओर्तेन्सियांचा आवाज. पंधरा वर्षं त्यांनी रेडिओवरून रोज सकाळी वस्तीला जागं केलं. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. आता त्या पाटीवर लिहून बोलतात.

"तुमचं काय एवढं अडलंय?" मी विचारलं.

"पेलिकन."

"काय?"

"कायाओ बंदराजवळच्या बेटांवरचे. आमच्याही असल्याच जुन्या सर्व्हरवर चौदा वर्षांचे फोटो आहेत, आणि त्याचीही एक डिस्क गेलीय. आम्ही मोजतो त्यांना."

"म्हणजे पक्ष्यांसाठी भांडताय माझ्याशी?"

"त्यांना बोलता येत नाही ना. कुणीतरी भांडायला हवं."

"आमच्या बाईंनाही आता बोलता येत नाही," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

त्याची बोटं हळूच सुटली.

"आधी तुमचं होऊ द्या. आवाज दुसरीकडे उतरवून घ्या, मग हीच डिस्क माझ्या सर्व्हरला. तोवर आमचा बंद ठेवतो. पण मी रोज येऊन बसणार. डिस्क घेऊन पळालात तर?"

डॉन सेल्सोनं पावती फाडली. "डिस्कची गॅरंटी नाही, सेन्योरिता. माणसाचं तुमचं तुम्ही बघा."

त्याचं नाव फाउस्तो. दुसऱ्या दिवशी तो रेडिओ केंद्रावर आला तो पाकात बुडवलेले गरम पिकारोनेस घेऊनच. डोन्या ओर्तेन्सियांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि पाटीवर लिहिलं, 'लग्न झालंय?'

त्यानं खडू घेऊन खाली लिहिलं, 'नाही.'

'बहिरी नाहीये मी!' त्यांनी लिहिलं. मी हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिले.

डिस्क बसली. म्हाताऱ्यानं कुरकुर केली, घरघर केली... आणि तिला पसंत केलं! मी पहिलीच फाईल लावली.

"उठा रे आळशांनो, पाण्याची गाडी आली!"

डोन्या ओर्तेन्सिया स्वतःचाच आवाज ऐकत होत्या, तोंडावर पदर घ्यावा तशी शाल धरून. माझे डोळे भरले. वळून पाहिलं, तर फाउस्तो त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

मंगळवारी सगळं उतरवून झालं.

"झालं का?" त्यानं विचारलं.

"अजून... चाललंय," मी म्हणाले. बुधवारीही. गुरुवारीही.

शुक्रवारी मात्र राहवेना. "फाउस्तो, मंगळवारीच झालं सगळं. मी खोटं बोलले."

"माहितीय."

"काय?"

"पडद्यावर 'पूर्ण' लिहिलंय. एवढ्या मोठ्या अक्षरांत."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या मन लावून थापा मारत होतात... मोडवेना."

"आणि तुमचे पेलिकन?"

"ते बंद सर्व्हरमध्ये निवांत झोपलेत. झोप उडालीय ती माझी." तो चष्मा पुसायला लागला. "आता डिस्क न्यायला हवी. पण बसवणार कोण? मला नुसतं मोजता येतं."

"तुला खरंच काही येत नाही," मी म्हणाले.

तो थबकला. "तुला...?"

"हो. तुला."

त्याचे कान लालबुंद झाले. "मग चल ना, एदेल्मिरा. तूच बसव."

कायाओच्या बसमध्ये डिस्क शालीत गुंडाळून मी मांडीवर घेतली. खड्डा आला, तसा त्यानं सांभाळायला हात पुढे केला... आणि तो तिथेच राहिला.

"डिस्क इकडे आहे," मी म्हणाले. "तो माझा हात आहे."

"माहितीय," तो म्हणाला.